घरातलं सोयाबीन कुणाच्या हिशेबात आहे?

सोयाबीनचं व्यापारी वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं आणि ३० सप्टेंबरला संपतं. वर्ष संपतं त्या दिवशी देशात जुना माल किती शिल्लक राहिला, याचा अंदाज इंदूरहून येतो. तो काढते सोयाबीन प्रोसेसर्स असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजे 'सोपा'. गाळप करणाऱ्या, म्हणजे सोयाबीनमधून तेल आणि पेंड काढणाऱ्या, कारखानदारांची ही संघटना. तिच्या ताळेबंदानुसार २०२१च्या ऑक्टोबरला मागची शिल्लक जेमतेम २ लाख टनांच्या आसपास होती. वर्षभराने, २०२२च्या ऑक्टोबरला, ती २५ लाख टनांवर गेली. २०२३ला २४ लाख टन, आणि २०२४ला एकदम ९ लाख टन. चार वर्षांत हा आकडा असा वरखाली झाला आणि त्याच्यासोबत लातूर, उदगीर, हिंगोली, जालन्याच्या आडतीतली प्रत्येक पट्टी, म्हणजे शेतकऱ्याच्या हाती पडणारा विक्रीचा हिशेब, हलली.

राज्यात सोयाबीनचा पेरा ५० लाख हेक्टरांच्या घरात आहे. त्यातला निम्म्याच्या आसपास एकट्या मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत. लातूरचे कारखाने सकाळी जो खरेदीचा भाव काढतात, त्यावर परभणी-नांदेडपर्यंतचे सौदे होतात. एवढं असून मराठवाड्यात आज किती सोयाबीन आहे, त्यातलं घरात किती, गोदामात किती, कारखान्याच्या आवारात किती, याचा एकही अधिकृत आकडा कुठे छापला जात नाही. देशाचा अंदाज आहे, राज्याचा थोडाफार आहे, जिल्ह्याचा नाही. आमचं म्हणणं साधं आहे. आठही जिल्ह्यांचा सोयाबीन साठ्याचा ताळेबंद दर महिन्याला जाहीर झाला पाहिजे, आणि त्यात शेतकऱ्याच्या घरातल्या मालाची स्वतंत्र ओळ असली पाहिजे. तशी ओळ नाही म्हणून दरवर्षी काय घडतं, ते आधी पाहू.

ताळेबंदाची रीत किराणा दुकानातल्या हिशेबासारखीच आहे. मागची शिल्लक, अधिक नवं पीक, अधिक आयात. त्यातून गाळप वजा, थेट खाण्यासाठी वापर वजा, बियाण्यासाठी ठेवलेलं वजा, निर्यात वजा. जे उरतं ती पुढची शिल्लक. यातल्या गाळपाचा आणि निर्यातीचा आकडा बराच खात्रीचा असतो, कारण कारखान्यांची आणि बंदरांची नोंद असते. डळमळीत असतो तो पिकाचा आकडा. २०२४-२५च्या हंगामात केंद्र सरकारच्या अंदाजाने देशात सोयाबीन १५२ लाख टनांच्या आसपास पिकलं. 'सोपा'च्या अंदाजाने तेच पीक १२६ लाख टन होतं. दोन आकड्यांत जवळपास २६ लाख टनांचं अंतर. अलीकडच्या वर्षांतली सगळ्यात मोठी शिल्लकही एवढीच होती. पिकाच्या अंदाजातच एवढी फट असेल, तर शिल्लक हा आकडा प्रत्येकाने आपल्या सोयीने वाचायचा ठरतो. कारखानदार म्हणतो माल भरपूर आहे, साठवणारा म्हणतो माल संपत आलाय, आणि दोघांनाही खोटं पाडता येत नाही.

आता याच काळाकडे मराठवाड्यातून पाहा. २०२१च्या जुलै-ऑगस्टमध्ये लातुरात सोयाबीनने क्विंटलला १०,००० रुपयांचा टप्पा ओलांडला. तेव्हा बहुतेक शेतकऱ्यांच्या घरात दाणा नव्हता, माल दिवाळीलाच विकून झाला होता. २४ ऑगस्टला केंद्राने जनुक बदललेल्या (जीएम) सोयाबीनच्या १२ लाख टन पेंडीच्या आयातीला मुभा दिली आणि नवं पीक खळ्यावर येईपर्यंत भाव जवळपास निम्म्यावर आला. ज्यांनी त्या पडत्या भावात माल विकला नाही, त्यांना २०२२च्या मार्च-एप्रिलमध्ये ७,००० रुपयांच्या वर मिळाले. गावोगाव त्यातून एकच धडा निघाला: थांबलं की मिळतं. म्हणून २०२२चं पीक लोकांनी जोराने धरून ठेवलं. त्या वर्षी जुलैत लातूर, धाराशिव, बीडमध्ये गोगलगायींनी उगवते कोंब खाल्ले, परतीच्या पावसाने काढणीला आलेलं पीक भिजलं. आपल्या शिवारात कमी पिकलं, म्हणजे भाव चढणारच, असा सरळ हिशेब होता. पण देशाच्या ताळेबंदात २५ लाख टन जुना माल आधीच उभा होता. नोव्हेंबरात साडेपाच हजारांच्या आसपास असलेला भाव पुढच्या जूनपर्यंत पाच हजारांच्या खाली घसरला. आठ महिने थांबलेल्या माणसाच्या हाती सुरुवातीपेक्षा कमी पैसे आले.

२०२२मध्ये थांबायचा निर्णय २०२१च्या भावावर घेतला गेला. २०२३ला मात्र उलट झालं. ऑगस्ट कोरडा गेला. देशात १९०१पासूनच्या नोंदीतला तो सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता. शेंगा भरायच्या वेळीच पाणी नव्हतं, लातूर-नांदेडकडे पिवळ्या मोझॅक रोगाने पानं गेली. उतारा पडला. आदल्या वर्षीचा फटका ताजा असल्याने आणि रब्बीलाही पाणी नसल्याने लोकांनी माल लवकर मोकळा केला. २०२४च्या सुरुवातीला भाव ४,३०० ते ४,५०० रुपयांत अडकला, हमीभाव ४,६०० असताना. म्हणजे साठा मोठा होता तेव्हा लोक थांबले, आणि साठा उतरणीला लागला तेव्हा लोकांनी विकलं. यात शेतकऱ्याची चूक काढणं सोपं आहे आणि अन्यायाचंही आहे. त्याच्यासमोर एकच आकडा होता, गेल्या वर्षीचा भाव. दुसरा कुणी त्याला दिलाच नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. शिल्लक कमी म्हणजे भाव चढणार, असं समीकरण नाही. २०२३ ते २०२४ या वर्षात शिल्लक २४ लाखांवरून ९ लाखांवर आली आणि भावही खालीच गेला. सोयाबीनला स्वतःचा असा भाव फारसा नसतोच. त्यातून निघणाऱ्या तेलाचा आणि पेंडीचा भाव असतो. एक क्विंटल सोयाबीन गाळलं की साधारण १८ किलो तेल आणि ८० किलोच्या वर पेंड मिळते. पेंड किलोला एक रुपयाने उतरली तर क्विंटलमागे कारखान्याचे ८० रुपये जातात. तेल किलोला १० रुपयांनी चढलं तर १८० रुपये येतात. २०२४च्या सप्टेंबरमध्ये केंद्राने कच्च्या खाद्यतेलावरचं आयात शुल्क उपकरांसह साडेपाच टक्क्यांवरून साडेसत्तावीस टक्क्यांवर नेलं. तेल चढलं. तरी हंगामात लातूरचा भाव ४,८९२च्या हमीभावाच्या बराच खाली राहिला, कारण दुसऱ्या पारड्यात पेंड बसली होती. इथेनॉलसाठी मका आणि तांदूळ मोठ्या प्रमाणात वापरला जाऊ लागल्यापासून त्याचा चोथा, व्यापारात ज्याला डीडीजीएस म्हणतात, कोंबडीखाद्यात शिरला आहे. एक टन मक्यातून सुमारे ३०० किलो डीडीजीएस निघतं. त्यात प्रथिनं सोयापेंडीपेक्षा बरीच कमी असतात, पण दर इतका खाली असतो की खाद्य बनवणारे सोयापेंडीचा वाटा कापतात. देशातली पेंड महाग पडली की निर्यात आटते, गाळप मंदावतं आणि शिल्लक फुगते. २०२१-२२मध्ये शिल्लक २ लाखांवरून २५ लाखांवर गेली ती याच वाटेने: सात हजारांच्या सोयाबीनची पेंड परदेशात खपेना, आणि घरातला माल बाहेर निघेना.

मग शिल्लक कशासाठी मोजायची? साठा किती आहे यावरून बाजाराला धक्का बसल्यावर कोण किती काळ थांबू शकतो, हे कळतं. शिल्लक कमी असेल तर सप्टेंबरातल्या एका अतिवृष्टीने आठवड्यात पाचशे रुपयांचा फरक पडू शकतो. शिल्लक मोठी असेल तर तसाच पाऊस पडूनही कारखाने शांत बसतात. मराठवाड्याचा वाटा इथे फार मोठा आहे. २५ लाख हेक्टर धरले आणि हेक्टरी १२ क्विंटल उतारा पडला, तर ३० लाख टन माल होतो. ८ क्विंटल पडला तर २० लाख टन. हा १० लाख टनांचा फरक २०२४च्या ऑक्टोबरला देशात असलेल्या सगळ्या शिल्लकीपेक्षा जास्त आहे. २०२४च्या सप्टेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत नांदेड, हिंगोली, परभणीत जो पाऊस कोसळला, किंवा २०२५च्या सप्टेंबरात सीना, मांजरा, तेरणा, गोदावरीकाठची शिवारं पाण्याखाली गेली, त्याचा साठ्यावर काय परिणाम झाला हे महिन्याभरात आकड्यांत दिसायला हवं होतं. दिसलं ते पंचनाम्यात. पंचनामा मदतीसाठी असतो. उरलेल्या उभ्या पिकात दाणा किती भरला आणि किती डागी, म्हणजे खराब, निघाला, याचं उत्तर त्यात नसतं.

साठा कुणाकडे असतो, हेही वर्षागणिक बदलतं, आणि त्यात सरकारी आदेशांचा मोठा हात आहे. २०२१च्या ऑक्टोबरपासून खाद्यतेल आणि तेलबियांवर साठामर्यादा आली. २०२२च्या फेब्रुवारीतल्या आदेशात घाऊक व्यापाऱ्याला तेलबियांची मर्यादा २,००० क्विंटल होती. म्हणजे २०० टन. मोठ्या ट्रकने मोजले तर आठ खेपा. हंगामात लातूरचा एखादा खरेदीदार एवढा माल दिवसाभरात उचलतो. शिवाय २० डिसेंबर २०२१ला सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे, म्हणजे पुढच्या तारखेचे सौदे आजच्या भावाने ठरवण्याचे व्यवहार, बाजार नियामक सेबीने बंद केले आणि ती बंदी वर्षामागून वर्ष वाढत गेली. साठामर्यादेमुळे व्यापाऱ्याला माल ठेवता येईना, वायदा नसल्याने ठेवलेल्या मालाची जोखीम दुसऱ्यावर टाकता येईना. मग माल ठेवायचं काम आपोआप शेतकऱ्याच्या अंगावर आलं, कारण त्याला मर्यादा नाही. पत्र्याच्या खोलीत, ओसरीत, जनावरांच्या गोठ्याशेजारी पोती रचली गेली. देशाच्या शिल्लकीतला मोठा हिस्सा अशा ठिकाणी गेला, जिथे तो मोजायची कुणावरच जबाबदारी नाही.

घरात माल ठेवण्याचा खर्च किती, हा हिशेब अनेकदा चुकीचा मांडला जातो, म्हणून थोडा सविस्तर. समजा दिवाळीत भाव ४,३०० आहे आणि मालात ओलावा १२ टक्के. सहा महिन्यांत घरच्या कोरड्या हवेत तो ९ टक्क्यांवर येतो. ८८ भागिले ९१, म्हणजे क्विंटलचे ९६ किलो ७०० ग्रॅम उरतात. तीन किलो तीनशे ग्रॅमची घट म्हणजे १४० रुपयांच्या आसपास. पण ही सगळी घट साठवणुकीच्या नावावर टाकणं बरोबर नाही. कारखान्याची खरेदी ओलावा १०, माती-कचरा २, डागी २ टक्के या प्रतीवर चालते. दिवाळीत १२ टक्क्यांचा माल घातला असता तरी वरच्या दोन टक्क्यांची कपात भरावीच लागली असती. थांबल्यामुळे झालेली खरी जादा घट किलोभराची, साधारण ५० रुपयांची. खरा बोजा असतो व्याजाचा. क्विंटलमागे ३,२२५ रुपयांची तातडीची गरज भागवायला महिना दोन टक्क्यांनी पैसे उचलले, तर सहा महिन्यांचं व्याज ३८७ रुपये होतं. तीच पोती बाजार समितीच्या गोदामात ठेवून राज्य कृषी पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत मालाच्या किमतीच्या ७५ टक्के, म्हणजे तेवढेच ३,२२५ रुपये, वर्षाला सहा टक्क्यांनी मिळतात. सहा महिन्यांचं व्याज ९७ रुपये. तारणावरचा माल ४,५००च्या आसपास विकला तरी, वाहतूक आणि हमाली जोडून, तोंडमिळवणी होते. दोन टक्के महिन्याच्या पैशावर तोच माल ४,७५० ते ४,८०० गेल्याशिवाय खर्च निघत नाही. योजना १९९०-९१पासून आहे. तरी हंगामात गोदामांत जागा कुणाला मिळते आणि किती दिवसांत पैसे पडतात, यावरच तिचा उपयोग ठरतो. तालुकावार मोकळी जागा आणि तारणावर आलेला माल यांची यादी आठवड्याला लागली, तर ताळेबंदाची एक ओळ आपोआप तयार होईल.

मालाची प्रतही साठ्याचाच भाग आहे. शंभर टन साठा म्हणजे शंभर टन गाळपाचा माल, असं नसतं. १५ टक्के ओलाव्याच्या पोत्यांची थप्पी आतून तापते, दाणा काळपट पडतो, तेलातली आम्लता वाढते आणि कारखाना भावात कापतो. माल ठेवायचाच असेल तर ताडपत्रीवर पातळ पसरून दोन-तीन उन्हं दाखवावीत, ओलावा १० टक्क्यांवर आणावा, लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून फूट-दीड फूट सोडून पोती लावावीत, खताच्या पोत्यांशेजारी अजिबात नाही. २०२५सारख्या वर्षी, भिजलेल्या शेंगांची मळणी झालेली असताना, घरात पोती दिसतात भरपूर, पण त्यात दोन टक्क्यांच्या वर डागी असलेला माल किती, हे कळल्याशिवाय ती मोजणी पुरी होत नाही. पोत्यांची संख्या पाहून साठा मोठा आहे म्हणणाऱ्याला त्या वर्षी चांगल्या मालाची टंचाई दिसणारच नाही.

साठा कुणी नीट मोजत नाही, याला अपवाद एका साठ्याचा आहे. सरकारी खरेदीचा माल पोत्यापोत्याने मोजलेला असतो. २०२४-२५ला नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी खरेदी संस्थांमार्फत महाराष्ट्रात ११ लाख टनांच्या वर सोयाबीन हमीभावाने घेतलं गेलं. राज्यात एवढी खरेदी पूर्वी झाली नव्हती, आणि ज्यांचा माल गेला त्यांना क्विंटलमागे सहाशे-सातशे रुपये जास्त मिळाले, हे मान्यच केलं पाहिजे. पण वाटेत काय अडलं तेही नोंदवायला हवं. सुरुवातीला ओलाव्याची अट १२ टक्क्यांची होती; ऐन हंगामात मराठवाड्यातला माल १४-१५वर असतो. नोव्हेंबरच्या मध्यावर अट १५ टक्क्यांपर्यंत सैल झाली, तोवर बियाणं-खताची उधारी असलेल्यांनी माल आडतीत टाकला होता. मग बारदाना संपला. मुदत वाढत वाढत शेवटी ६ फेब्रुवारीपर्यंत गेली. नोंदणी केलेले कितीतरी जण केंद्राच्या रांगेत राहिले. त्यानंतर प्रश्न आला तो या साठ्याच्या विक्रीचा. ११ लाख टन माल कधी, कोणत्या भावाच्या वर, महिन्याला किती विकणार, हे आधी जाहीर नसलं की सगळा बाजार त्या लिलावाच्या तारखेकडे डोळे लावून बसतो. कारखानदार गरजेपुरतीच खरेदी करतो, कारण उद्या सरकारी गोदामातून स्वस्त मिळेल अशी आशा असते. हमीभावाने घेतलेला माल अशा रीतीने घरात माल ठेवलेल्या शेजाऱ्याचाच भाव दाबतो.

म्हणून सरकारी साठ्याला लेखी नियम हवा. खरेदी संपल्यापासून पंधरा दिवसांत विक्रीचं वेळापत्रक यावं: कोणत्या महिन्यापासून विक्री सुरू, दरमहा कमाल किती टन, आणि कोणत्या भावाखाली विक्री नाही. नवं पीक यायच्या आधीचे दोन महिने, ऑगस्ट आणि सप्टेंबर, विक्रीसाठी बंद ठेवावेत, कारण त्या वेळी गोदामं रिकामी करण्याची घाई नव्या हंगामाचा पहिला भाव खाली ओढते. गोदामं त्याआधी मोकळी व्हायची असतील तर विक्री एप्रिलपासून सुरू करावी लागेल, आणि एप्रिलचा भाव हमीभावाच्या खाली असेल तर तोटा सरकारने उघड सोसावा. तो तोटा लपवून माल अडवून ठेवला की पुढच्या हंगामात खरेदीला जागा उरत नाही.

आता ताळेबंद प्रत्यक्षात कसा बांधायचा ते पाहू. निम्मं साहित्य सरकारकडे आजच आहे. ई-पीक पाहणीत गटवार पेरा नोंदला जातो. महसूल मंडळात पीक कापणी प्रयोग होतात. २०२५च्या खरिपापासून राज्यातला पीकविमा पुन्हा उत्पादनावर आधारित झाल्याने त्या प्रयोगांना आणखी वजन आलं आहे. पेरा गुणिले उतारा, म्हणजे जिल्ह्याचं पीक. हे प्रयोग डिसेंबरपर्यंत कागदात न ठेवता मळणीच्या महिन्यातच तालुकावार प्रसिद्ध करता येतील. दुसरी बाजू आवकेची. बाजार समित्यांचे रोजचे आकडे मिळतात, पण ते जसेच्या तसे वापरता येत नाहीत. वसमतला विकलेला माल व्यापाऱ्याने लातूरला पुन्हा विकला तर तो दोनदा मोजला जातो. गावातच खेडा खरेदीत गेलेला किंवा थेट परवान्यावर कारखान्यात उतरलेला माल अनेकदा एकदाही मोजला जात नाही. उदगीर-देवणीकडे बीदरचा माल येतो, देगलूर-बिलोलीकडे सीमेपलीकडे ये-जा असते. म्हणून आवक मोजण्यापेक्षा कारखान्यांची मासिक आवक, गाळप आणि आवारातली शिल्लक यांचं विवरण सक्तीचं करणं जास्त उपयोगाचं. मराठवाड्यात गाळप करणारे मोठे कारखाने बोटांवर मोजण्याइतके आहेत. हे काम एका टेबलावर होईल. एकेका कारखान्याचं नाव न छापता जिल्ह्याची बेरीज छापावी.

अवघड ओळ घरातल्या साठ्याची. पण ती मोजता येत नाही, हे खरं नाही. अमेरिकेचा कृषी विभाग वर्षातून चार वेळा, १ डिसेंबर, १ मार्च, १ जून आणि १ सप्टेंबर या तारखांना, शेतावरचा साठा आणि शेताबाहेरचा साठा वेगवेगळा मोजून जाहीर करतो, राज्यागणिक. शेतकऱ्यांना विचारून, नमुना पद्धतीने. तिथली शेतं मोठी आहेत, पोलादी कणग्या आहेत, हे मान्य. आपल्याकडे नमुना वेगळा लागेल, एवढंच. मराठवाड्यात साडेआठ हजारांच्या आसपास गावं आहेत. चाळीस गावांमागे एक धरलं तर सव्वादोनशेच्या आत गावं होतात. प्रत्येक गावात बारा घरं. अडीच हजार घरांना चार वेळा विचारायचं आहे. घरं निवडताना जमिनीप्रमाणे गट पाडावेच लागतील. तीन एकरवाल्याचा माल दिवाळीपर्यंत जातो आणि मार्चला जो साठा उरतो तो दहा एकरांच्या वर असलेल्यांकडे. सरसकट घरं निवडली तर मार्चचा आकडा हमखास चुकेल.

विचारायचे प्रश्नही जपून ठरवावे लागतील. 'किती क्विंटल आहे' असं विचारू नये. 'किती पोती आहेत आणि पोतं किती किलोचं भरलंय' असं विचारावं. कुणाचा कट्टा ५० किलोचा असतो, कुणाचा ६०चा, मोठ्या बारदानात ९० किलोही बसतं. बटईच्या शेताचा माल मालकाच्याही तोंडून येतो आणि बटईदाराच्याही. ज्याच्या घरात पोती आहेत त्याच्याच नावावर तो धरावा. बियाण्यासाठी ठेवलेली पोती वेगळी विचारावीत. ओलावा मोजून सगळा साठा १० टक्क्यांच्या हिशेबावर आणावा, नाहीतर डिसेंबर आणि जूनच्या आकड्यांत तीन-चार टक्क्यांचा फरक नुसत्या पाण्याचा निघेल. आणि डागी दाण्यांसाठी मूठभर नमुना घ्यावा. एवढं केल्यावरही दहा-बारा टक्क्यांची चूक राहील. देशाच्या पीक अंदाजात आज जेवढी फट आहे त्यापुढे ही चूक लहान आहे.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो गंभीर आहे. साठा जाहीर केला तर मोठा खरेदीदार त्याचा फायदा घेईल आणि सरकार त्याच आकड्यावर बोट ठेवून आयात उघडेल. २०२१चा अनुभव पाहता ही भीती निराधार म्हणता येणार नाही. पण मोठ्या खरेदीदाराला हा आकडा आजही माहीत असतो. त्याची माणसं गावोगाव फिरतात, खेडा खरेदीवाले रोज फोनवर किती माल दिसतोय ते सांगतात, तो स्वतःचा अंदाज बांधतो. माहिती नाही ती विकणाऱ्याला. शेतकरी उत्पादक कंपन्यांना नाही, तारण देणाऱ्या जिल्हा बँकेला नाही. सरकारच्या बाबतीत म्हणाल तर आयातीचे निर्णय आजही आकड्यांशिवाय, दरवाढीच्या बातम्यांवर होतात. घरात पाच लाख टन माल आहे हे २०२१च्या ऑगस्टला कागदावर असतं, किंवा नव्हता हे असतं, तर त्या निर्णयाशी भांडायला हाती काहीतरी असतं. शेतकऱ्याने खरं का सांगावं, हा दुसरा आक्षेप. त्यासाठी कायद्याने हमी हवी, की या पाहणीतलं घरवार उत्तर साठामर्यादा, कर, विमा किंवा अनुदान यांपैकी कशासाठीही वापरलं जाणार नाही. पाहणी तलाठ्याकडे देऊ नये. ज्याच्या हाती सातबारा आहे त्याला लोक साठा सांगणार नाहीत. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची कृषी महाविद्यालयं आणि कृषी विज्ञान केंद्रं जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. हे काम त्यांचं.

पहिल्या दोन वर्षांचे आकडे चुकतील. ते दुरुस्त करून, दुरुस्ती किती झाली ते सांगून छापावेत. जुना आकडा गुपचूप बदलला की पुढच्या आकड्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. शिल्लकीचा आकडा एका ओळीत न देता 'इतक्यापासून इतक्यापर्यंत' असा द्यावा. आणि मार्चच्या ताळेबंदासोबत तेल-पेंडीचे त्या महिन्याचे दर आणि त्यावरून निघणारा गाळपाचा परवडणारा भाव छापावा, म्हणजे थांबायचं की विकायचं हे ठरवताना साठा आणि भाव एकत्र दिसतील.

एका ओळीला मात्र उशीर चालणार नाही. २५ लाख हेक्टरांना हेक्टरी ६५ ते ७५ किलोप्रमाणे मराठवाड्याला दर जूनला पावणेदोन लाख टनांच्या आसपास बियाणं लागतं आणि त्यातलं बरंचसं घरचं असतं. सोयाबीनचं टरफल पातळ. मळणीयंत्राचे फेरे जास्त ठेवले, पोती पाचाच्या वर रचली, हमालाने उंचावरून टाकली की उगवण ७० टक्क्यांच्या खाली जाते. वर्ष जुन्या मालाची तर जातेच, त्यामुळे मागची शिल्लक कितीही मोठी असली तरी ती पेरायला उपयोगाची नाही. बियाण्याचा तुटवडा आयातीने भरून काढता येत नाही. सप्टेंबरात भिजलेल्या पिकानंतरच्या वर्षी किती तालुक्यांत पेरण्याजोगं बियाणं कमी आहे, हे मेच्या पहिल्या आठवड्यात कळलं तर उन्हाळी सोयाबीनचं बियाणं तिकडे वळवायला तीन आठवडे मिळतात. जूनमध्ये कळलं तर दुबार पेरणीच उरते. म्हणून अडीच हजार घरांतून शंभर-शंभर दाणे ओल्या गोणपाटात घालून घेतलेली उगवण चाचणी १ मेच्या आत पुरी व्हावी, आणि तालुकावार तिचा निकाल त्या महिन्याच्या ताळेबंदात सगळ्यात वर यावा.